वाचून दाखविला, समजून सांगितला

महसूल खात्यात ज्याने थोडीफार वर्षे काढली आहेत, त्याला एक वाक्य झोपेतून उठवले तरी म्हणता येते. जबाब लिहून संपला की त्याच्याखाली ते वाक्य येते: 'वरील जबाब मला वाचून दाखविला व समजून सांगितला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' त्याखाली जबाब देणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि अंगठ्याच्या बाजूला 'समक्ष' असे लिहून आमची सही. मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून बरीच वर्षे काढली. लोक आम्हाला 'सर्कल' म्हणतात. एवढ्या काळात हे वाक्य मी किती हजार वेळा लिहिले असेल, सांगता येणार नाही. त्यातले किती वेळा ते खरे होते, हा प्रश्न मात्र नोकरीत असताना मला फारसा पडला नाही. निवृत्तीनंतर हातात वेळ आला आणि तो पडू लागला.

माझी काही वर्षे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेलगतच्या एका मंडळात गेली. सीमा म्हटली की वाचकाच्या डोळ्यांपुढे कदाचित तारेचे कुंपण येईल. इथे तसे काही नाही. एका शेताचा बांध ओलांडला की राज्य बदलते, आणि ते बदलले हे कळते ते फक्त दुकानांच्या पाट्यांवरून आणि एस.टी.च्या रंगावरून. दोन्हीकडची माणसे एकाच बाजाराला जातात, एकमेकांच्या घरांत मुली देतात आणि एकाच जत्रेत भांडतात. माझ्या मंडळातल्या निम्म्याहून अधिक गावांत घरातली भाषा कन्नड होती. तरुण पोरे मराठी सहज बोलत. म्हाताऱ्या माणसांना, त्यातही बायकांना, ती बाजारापुरती येई. भाव करता येईल एवढी. वारसाहक्क म्हणजे काय हे समजावे एवढी नव्हे.

तिथे माझ्या हातून जे झाले, ते आधी सांगतो.

एका गावचा खातेदार मयत झाला. त्याला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी म्हणजे तेव्हाच साठीच्या पुढची बाई, शेजारच्या गावात दिलेली. वारसाची नोंद आली, सोबत तिघांचे जबाब आले. आमच्याकडे त्या काळी, आणि ठिकठिकाणी आजही, एक चाल आहे: बहिणीने 'माझे नाव कब्जेदार सदरी न लावता इतर हक्कात ठेवावे' असा जबाब दिला की भावांची नावे सातबाऱ्याच्या वरच्या रकान्यात जातात आणि बहीण उजवीकडच्या कोपऱ्यात सरकते. कायद्याच्या दृष्टीने तिचा हिस्सा तिथे बसूनही शाबूत असतो. पण कर्ज काढताना, जमीन विकताना किंवा भरपाई घेताना त्या कोपऱ्याला कोण विचारतो, हे खेड्यात प्रत्येकाला ठाऊक असते. या बाईचाही तसा जबाब होता. मराठीत, सुवाच्य, खाली अंगठा, खाली ते वाक्य. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटिसा बजावल्या होत्या, पंधरा दिवस उलटून गेले होते, हरकत आली नव्हती. मी लाल शाईने 'मुदतीत हरकत नाही, नोंद प्रमाणित' असे लिहिले आणि पुढच्या नोंदीकडे वळलो. त्या दिवशी चावडीत बसून मी तीसेक नोंदी काढल्या असतील.

सात-आठ महिन्यांनी ती बाई आली. इरकली लुगडे, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला सातबारा. ती माझ्याशी बोलू लागली आणि मला एक शब्द कळेना, म्हणून कोतवालाला, म्हणजे कचेरीच्या कामाला असलेल्या गावच्या शिपायाला, बोलावले. मी त्याला म्हणालो, 'विचार त्यांना, जबाब वाचून दाखवला होता ना?' कोतवालाने विचारले. बाई बराच वेळ बोलली. बोलताना ती अंगठा उचलून दाखवत होती, भावाच्या घराकडे हात करत होती, आणि त्या सगळ्या न कळणाऱ्या बोलण्यात मला एक शब्द दोनदा स्वच्छ ऐकू आला: 'रेशन'. ती थांबल्यावर कोतवाल माझ्याकडे वळून म्हणाला, 'व्हय म्हणत्यात, साहेब.'

रेशन हा शब्द दोन्ही भाषांत तोच आहे, म्हणून तेवढा माझ्यापर्यंत पोहोचला. वडील गेले, आता शिधापत्रिकेवरून नाव कमी करायचे आहे, असे सांगून तिचा अंगठा घेतला होता, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळले. कोतवाल त्याच गावचा होता. भावांच्या शेजारी त्याचे घर होते. तो वाईट माणूस नव्हता, हेही लिहिले पाहिजे. त्याला रोज त्या शेजारात राहायचे होते, मला दोन वर्षांनी बदलून जायचे होते.

मी तिला सांगितले की नोंद आता माझ्या हातात नाही, प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील करावे लागेल. साठ दिवसांची मुदत गेलेली असल्यामुळे विलंब माफीचा अर्जही द्यावा लागेल. कोतवालाने यातले किती तिला सांगितले, कोण जाणे. तिने विचारले, अर्ज कन्नडात दिला तर चालेल का. कोतवालाने हा प्रश्न मात्र इमानाने पोहोचवला. मी म्हणालो, 'मराठीत आणा.'

माझी बदली होईपर्यंत अपील झाले नाही. तिचे नाव इतर हक्कातच राहिले.

'मराठीत आणा' हे मी कोणत्या नियमाने म्हणालो? कोणत्याच नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदात स्वच्छ लिहिले आहे की कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. त्या बाईला माझ्या टेबलावर कन्नड अर्ज ठेवण्याचा हक्क होता आणि तो नाकारण्याचा मला अधिकार नव्हता. मी खात्याच्या परीक्षा पास झालेला माणूस होतो. कुळकायदा, संहिता, तुकडेबंदी, इनाम वतने यांची कलमे मला पाठ होती. हा अनुच्छेद मला कुणी शिकवला नव्हता, आणि मीही कधी वाचला नव्हता. त्या अनुच्छेदात उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे याबद्दल एक शब्द नाही, ही त्याची पळवाट मला पुढे कळली. पण मी तर अर्जच परत पाठवला होता.

प्रशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे मसुरीची अकादमी, पुण्याची यशदा, म्हैसूरची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था ही नावे येतात. भारतीय प्रशासन सेवेतल्या परराज्यातल्या मुलाला ज्या राज्याचा संवर्ग मिळतो त्या राज्याची भाषा शिकावी लागते, आणि माझ्या अनुभवात ती मुले ती बऱ्यापैकी शिकतात. बिहारमधून आलेला जिल्हाधिकारी वर्षभरात मराठीत सभा घेतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण खेड्यातल्या माणसाचा संबंध जिल्हाधिकाऱ्याशी आयुष्यात एखाद्या वेळी येतो. त्याचे सरकार म्हणजे तलाठी, सर्कल, हवालदार, कंडक्टर, मास्तर, अंगणवाडीताई. या माणसांच्या भाषेची तपासणी एकाच दिशेने होते. मराठी मातृभाषा नसलेल्या कर्मचाऱ्याला एतदर्थ मंडळाची मराठी परीक्षा द्यावी लागते. माझ्या काळी हिंदीचीही परीक्षा असे. सीमेवरच्या मंडळात जाताना मला कन्नड येते का, हे कुणी विचारले नाही. विचारायचे कुणाला सुचले नाही, असेच म्हणतो. कारण यामागे द्वेष होता असे मला वाटत नाही. राज्याच्या भाषेत राज्य चालते आणि राज्य आपल्या शेवटच्या बांधापर्यंत एकसारखे असते, अशी नकाशा काढणाऱ्यांची समजूत असते, तेवढेच.

मी शेवटी कन्नड शिकलो, पण कानाने. चहाच्या टपरीवर, एस.टी. स्टँडवर, मोजणीच्या वेळी बांधावर उभे राहून. 'बर्री, कूडरी' म्हणजे या, बसा; 'तिळीतेन्री?' म्हणजे समजले का. कचेरीत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसते 'कूडरी' म्हटले की त्याचा चेहरा कसा उजळतो, हे एकदा पाहिल्यावर ती सवयच लागली. लिपी मात्र शिकलो नाही. ती वळणदार अक्षरे शिकू म्हणता म्हणता राहून गेली.

आता पलीकडची बाजू, कारण ती माझ्याच घरातली आहे.

आमचे घर महाराष्ट्रात, चंदगडात, आणि आजोळ बेळगाव जिल्ह्यात. आईचे लग्न १९५५ साली झाले तेव्हा तिचे माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात होते. चंदगड तेव्हा बेळगावचाच तालुका होता. पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड वगळून बाकी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, आणि आपण परमुलखात दिलेली मुलगी झालो हे आईला कुणीतरी येऊन सांगितले. त्यानंतरचे सगळे वाचकांना ठाऊक आहे: आंदोलने, हुतात्मे, १९६७ साली आलेला सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल, त्यातली महाराष्ट्राच्या वाट्याची २६४ आणि कर्नाटकाच्या वाट्याची २४७ गावे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा. त्या वादात शिरायचे मी इथे टाळणार आहे. माझे मत आहे, ते सीमाभागातल्या कोणत्याही मराठी घरात असते तेच आहे. पण न्यायालयाचा निकाल उद्या कोणत्याही बाजूने लागला, तरी रेषेच्या दोन्हीकडे दुसऱ्या भाषेची काही गावे उरणारच आहेत, आणि त्या गावांत सोमवारी सकाळी कचेरी उघडणारच आहे.

माझे मामा आयुष्यभर मराठीत शेती करून कन्नडात सारा भरत होते. जमिनीचा उतारा संगणकावर आल्यापासून तो छापील कन्नडात मिळू लागला. कचेरीबाहेर एक झेरॉक्सचे दुकान होते आणि तिथला मुलगा दहा रुपये घेऊन उतारा वाचून दाखवायचा. मामा तो उतारा घरी आणून आजोबांच्या काळच्या मराठी सातबाऱ्याशेजारी पसरायचे आणि रकान्याला रकाना लावून बघायचे. गंमत अशी की अक्षरे सोडली तर दोन्ही कागद सख्खे भाऊ आहेत. जुन्या मुंबई इलाख्याची मोजणी दोघांच्याही मुळाशी आहे. इकडे गुंठा तर तिकडेही गुंठा. इकडे पोटखराब तर तिकडे फूट खराब. जमाबंदी, तहसीलदार, तलाठी सगळे दोन्हीकडचे. आपण मयताच्या नोंदीला जुन्या दप्तरात 'फौती' म्हणत असू, कर्नाटकात आजही 'पौती' म्हणतात. दोन्ही राज्यांनी अलीकडे तलाठ्याचे नाव बदलून त्याला लांबलचक पदनाम दिले, आणि दोन्हीकडच्या लोकांनी ते ऐकून घेऊन त्याला तलाठीच म्हणायचे चालू ठेवले.

मामांनी एकदा कचेरीत मराठी अर्ज दिला. टेबलामागच्या माणसाने तो न वाचता परत सरकवला आणि कन्नडात काहीतरी म्हणाला. मामा घरी येऊन तो प्रसंग रंगवून सांगत होते, सगळे चिडून ऐकत होते, कुणी शिव्या देत होते. मीही मान हलवत होतो. तो माणूस काय म्हणाला असेल, ते मला भाषांतराशिवाय कळले होते. तो म्हणाला असणार, 'कन्नडात आणा.' तोवर त्या बाईच्या प्रसंगाला चारेक वर्षे झाली होती. मी घरात ते कुणालाच सांगितले नाही.

मराठी माणसाला यात आपण नेहमीच सोसणारे आहोत असे वाटते. तेवढे खरे नाही. एकोणिसाव्या शतकात धारवाड-बेळगावकडे सरकारी शाळा आणि कचेऱ्यांत मराठीचाच बोलबाला होता, आणि कन्नड मुलांना कन्नडात शिकता यावे म्हणून डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्याला झटावे लागले. त्यांचे नाव तिकडे शाळकरी मुलाला ठाऊक असते. आपल्याकडे किती जणांनी ऐकले आहे? माणूस सरकारी नोकर होता आणि ज्या लोकांत नेमला गेला त्यांची भाषा त्याने सरकारात नेली. सीमेवरच्या अधिकाऱ्याचे प्रशिक्षण म्हणून मला कुणी पाठ लिहायला सांगितला तर मी त्याच्यापासून सुरुवात करीन.

नियम नाहीत असेही नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचनेसोबतच सातवी घटनादुरुस्ती झाली. तिने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा अनुच्छेद ३५०क आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचा ३५०ख असे दोन अनुच्छेद घातले. त्याच वर्षीच्या केंद्राच्या ज्ञापनात आणि पुढच्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकांत बऱ्याच गोष्टी ठरल्या. एखाद्या भागात दुसरी भाषा बोलणारे सुमारे १५ टक्के लोक असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. राज्यभाषा येत नाही म्हणून कुणाला नोकरीची दारे बंद करू नयेत, ती नेमणुकीनंतर परिविक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात शिकून घ्यावी. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. सगळे शहाणपणाचे आहे. हे विशेष अधिकारी, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त, राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेत ठेवला जातो, राज्यांना पाठवला जातो. अहवालाच्या पुढे आयुक्तांचा हात पोहोचत नाही. कुणा तलाठ्याला नोटीस काढायची, कुणाची वेतनवाढ रोखायची, हे त्यांच्या हातात नाही. बेळगावकडची मराठी मंडळी मराठी कागदपत्रे मागताना वर्षानुवर्षे या आयुक्तांच्या पत्रांचा हवाला देत आली आहेत. ती पत्रे खरी आहेत आणि कचेरीचा छापखानाही खरा आहे.

उत्तरदायित्वाची म्हणून जी नवी यंत्रे आपण आणली, ती काय मोजतात ते बघण्यासारखे आहे. कर्नाटकाचा 'सकाल' कायदा २०११ चा. सेवा वेळेत दिली नाही तर दिवसाला वीस रुपयांप्रमाणे पाचशेपर्यंत रक्कम अर्जदाराला मिळते आणि ती संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल होते. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्यात पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड आहे. दोन्ही कायद्यांनी कचेऱ्यांची चाल बदलली, हे मी आतून पाहिलेले आहे. फाईल उशीखाली घेऊन झोपणारी माणसे धावू लागली. पण दोन्हीकडे मोजला जातो तो दिवस. सातव्या दिवशी द्यायचा कागद सहाव्या दिवशी दिला, की काम चोख झाले. ज्याला तो दिला त्याला वाचता आला का, हे विचारणारा रकाना संगणकाच्या पडद्यावर नाही. ती बाई या हिशेबात बसली असती तर माझे काम उत्तम ठरले असते: नोटीस वेळेत, मुदत पूर्ण, नोंद निर्गत.

आणि जेव्हा गोष्टी बिघडतात, तेव्हा शेवटचा माणूस सापडतो. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ धावत्या बसमध्ये तिकीट देताना मराठी-कन्नडवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, आणि दोन-चार दिवसांत दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबल्या. त्याआधी २०२२ च्या अखेरीस गाड्यांवर दगड पडले तेव्हा दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून दोन्हीकडच्या मंत्र्यांची समिती करावी लागली होती. या समितीत मंत्री होते, कायदा-सुव्यवस्थेसाठी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची वेगळी समिती ठरली. कंडक्टरला दुसऱ्या भाषेतली वीस वाक्ये शिकवा, असे त्या बैठकीत कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मला तो मार खाणारा कंडक्टर आठवत राहतो. दिवसभरात तो शेकडो माणसांशी बोलतो, त्यातली अर्धी त्याची भाषा बोलत नाहीत, आणि त्याच्या हातात मशीन देऊन त्याला गाडीत ढकलले जाते. जे शहाणपण दोन सरकारांना साठ-सत्तर वर्षांत दाखवता आले नाही, ते त्याने दोन थांब्यांच्या मध्ये दाखवावे अशी आपली अपेक्षा असते.

महाराष्ट्राने हसण्याचे कारण नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत आपल्या जिल्हा परिषदांच्या कन्नड शाळा आहेत, बालभारती कन्नड पुस्तके छापते, ही आपल्या राज्याची खरोखर अभिमानाची बाब आहे; आणि त्याच शाळांवर कन्नड न येणारे शिक्षक पाठवल्याच्या तक्रारीही आपल्याच राज्यात झाल्या. केरळात कासरगोडला कन्नड मुले मल्याळी शिक्षकांबद्दल हेच म्हणत होती. शिक्षकाची ऑर्डर काढणाऱ्या कारकुनासमोर रिक्त पदांची यादी असते. त्या यादीत 'माध्यम' हा शब्द असतो, पण दबाव जागा भरण्याचा असतो.

याच्या अगदी उलटे चित्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात दिसते. तिथल्या चौदा गावांवर महाराष्ट्राचा आणि तेलंगणाचा दोघांचाही दावा. त्यामुळे तिथे दोन्ही राज्यांच्या शाळा, दोन्हीकडची रेशनकार्डे, दोन्हीकडची मतदार यादी. माणूस आपला आहे हे सिद्ध करायचे असले की सरकार त्याच्या दारापर्यंत चालत जाते. आमच्याकडे माणूस कुणाचा हे सरकारांच्या मते ठरलेले आहे, म्हणून त्यानेच चालत यायचे.

त्या बाईनंतर मी एक गोष्ट सुरू केली. जबाबाच्या शेवटच्या वाक्यात एक तुकडा वाढवला: 'वरील जबाब मला कन्नड भाषेत समजून सांगितला, समजून सांगणाराचे नाव अमुक, राहणार अमुक', आणि त्या समजावणाऱ्याची सही. एवढेच. दोन मिनिटांचे काम. परिणाम मात्र मला अपेक्षित नव्हता इतका झाला. कोतवाल, जो एरवी एका शब्दात सगळे आटपायचा, तो सही करायची म्हटल्यावर आधी पूर्ण जबाब दोनदा ऐकू लागला. एकदा तर म्हणाला, 'साहेब, ह्यात मी सही नाही करत, ह्याच्या बहिणीला दुसऱ्या कुणाकडनं सांगा.' शेजारी राहणाऱ्या माणसाने खोटे भाषांतर करणे सोपे असते. त्याखाली आपले नाव घालणे सोपे नसते. न्यायालयात दुभाष्याला शपथ असते. आमच्याकडे दुभाषा हा चहा आणणाऱ्या माणसाचा जोडधंदा असतो आणि त्याच्या नावाचा कागदावर मागमूस नसतो, म्हणून सीमेवरच्या कचेरीत खरा अधिकार कित्येकदा त्याच्याकडेच असतो.

दप्तर तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी तो तुकडा पाहिला. ते सज्जन अधिकारी होते, चष्मा कपाळावर सारून त्यांनी पुन्हा वाचले आणि विचारले, 'हे कुठल्या परिपत्रकात आहे?' मी म्हणालो, कुठल्याच नाही. 'मग उद्या कुणी म्हणेल की आधीचे सगळे जबाब समजून न सांगता घेतले.' मी गप्प बसलो. त्यांनी शेरा काही मारला नाही, पण माझ्यानंतर आलेल्या सर्कलने जुनेच वाक्य लिहायला सुरुवात केली, हे मला तिथल्या तलाठ्याने नंतर फोनवर सांगितले. तिथे त्या वाक्यामागे नियम नव्हता, मी होतो. मी गेलो तेव्हा तेही गेले.

चांगल्या अधिकाऱ्यांच्या गोष्टी आपण फार आवडीने सांगतो, वाचतो आणि एकमेकांना पाठवतो. मला आता त्यांचा थोडा कंटाळा येतो. चांगला अधिकारी भेटणे हा गावाच्या नशिबाचा भाग आहे, आणि त्याची सरासरी दोन-तीन वर्षांत बदली होते. त्या अधिकाऱ्याने काय केले याचा कागद मागे राहिला, तरच पुढच्याला कुणी जाब विचारू शकते.

मामा गेले त्याला आता तीन वर्षे होतील. आजोबांच्या नावावरची जमीन तशीच पडून होती, म्हणून मामेभावाने पौतीचे प्रकरण केले, वंशावळ काढली, आणि आईच्या जबाबासाठी आम्ही दोघे गेलो. आई त्र्याऐंशी वर्षांची. गाडीतून उतरताना म्हणाली, 'माझ्या बापाच्या जमिनीला मला सरकारनं इतक्या वर्षांनी बोलावलं.' कचेरीत एक तरुण मुलगा बसला होता, नुकता नोकरीला लागलेला असावा. तो उठून उभा राहिला, त्याने आईला खुर्ची दिली, आणि मोडक्यातोडक्या मराठीत तिला सगळे नीट समजावून सांगितले: भावाच्या मुलांची नावे लागतील, तुमचेही लागेल, तुम्हाला नको असेल तर तसे सांगा, घाई नाही. आईने विचार करून सांगितले की लागू दे. त्याने संगणकावर कन्नडात जबाब टाईप केला, छापील कागद काढला, आणि सही कुठे करायची त्या जागी पेन्सिलीने फुली मारली.

मी त्याला म्हणालो, 'यात एवढे लिहाल का, की मराठीतून समजावून सांगितले, आणि तुमचे नाव?' तो अवघडून हसला. त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि नमुना दाखवला. 'सर, त्याला जागाच नाही यात.' तो खोटे बोलत नव्हता. खाली शेवटची ओळ आधीच छापून आलेली होती. कुठली ओळ असणार, ते मला माहीत होते.

आईने चष्मा लावून, हात टेकवून, हळूहळू देवनागरीत सही केली. बाहेर आलो, तिला गाडीत बसवले, पट्टा लावून दिला. गाव मागे पडले तरी ती बोलत नव्हती. मग म्हणाली, 'पोरगा गुणी होता रे.' मी हो म्हणालो. थोड्या वेळाने तिने विचारले, 'तो बोलला तेच त्यात लिवलंय न्हवं?'

त्या कागदाची प्रत माझ्या मांडीवर होती. मी ती उलगडून बघितली. आकडे कळले, सर्व्हे नंबर कळला, तारीख कळली.